बिस्त्रो

बिस्त्रो हा मूळचा फ्रान्समधील, विशेषतः पॅरिस शहरातील, लहान, अनौपचारिक आणि बेताच्या दरातील उपाहारगृहाचा प्रकार आहे. मोजकी टेबले, रोज बदलणारी थोड्या पदार्थांची यादी, घरगुती वळणाचा स्वयंपाक आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांशी मालकाची ओळख ही त्याची मूळ लक्षणे होत. विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रशिक्षित बल्लवाचार्यांनी या साध्या प्रकाराला नवे रूप दिले. आज जगभरच्या मोठ्या शहरांत 'आधुनिक फ्रेंच उपाहारगृह' म्हणून जे ओळखले जाते, ते बहुधा या नव्या बिस्त्रोचेच अनुकरण असते.

मराठीत या शब्दाला रूढ प्रतिशब्द नाही. अर्थाच्या दृष्टीने 'खाणावळ' हा शब्द सर्वांत जवळचा आहे. फरक इतकाच, की बिस्त्रोत जेवणासोबत वाइन दिली जाते. फ्रेंच उच्चारात 'त' दंत्य असल्याने 'बिस्त्रो' हे लेखन मूळ उच्चाराला धरून आहे. 'बिस्ट्रो' हे रूप इंग्रजीच्या वाटेने मराठीत आले असून मुंबई-पुण्यातील पाट्यांवर तेच अधिक आढळते.

== व्युत्पत्ती ==

या शब्दाच्या उगमाविषयी एक कथा फार लोकप्रिय आहे. नेपोलियनच्या पराभवानंतर १८१४ साली रशियन सैन्य पॅरिसमध्ये शिरले. तेथील मद्यालयांत बसलेले कोसॅक सैनिक 'बिस्त्रा, बिस्त्रा' म्हणजे 'लवकर, लवकर' असे ओरडत आणि त्यावरून झटपट खाणेपिणे मिळणाऱ्या जागेला हे नाव पडले, अशी ती कथा. मोंमार्त्र टेकडीवरील 'ला मेर कातरीन' या जुन्या उपाहारगृहाच्या भिंतीवर तशा आशयाचा फलकही लावलेला आहे. त्यावर ३० मार्च १८१४ ही तारीख आहे. त्या दिवशी मोंमार्त्रवर प्रत्यक्ष लढाई चालू होती, तेव्हा सैनिकांना पेयाची घाई असली तरी नवल नाही.

भाषाशास्त्रज्ञ मात्र ही कथा मान्य करीत नाहीत. 'बिस्त्रो' हा शब्द छापील फ्रेंचमध्ये १८८४ च्या सुमारास प्रथम आढळतो. सैनिक परत गेल्यानंतर सत्तर वर्षे एखादा शब्द लोकांच्या तोंडी रुळावा आणि तो कोणीच लिहून ठेवू नये, हे संभवत नाही. पर्यायी उपपत्तींपैकी एकीनुसार तो पश्चिम फ्रान्समधील प्वातू भागातल्या बोलीतून आला. तेथे दारू विकणाऱ्याच्या हाताखालच्या पोऱ्याला 'बिस्त्रो'शी मिळताजुळता शब्द होता. दुसरी उपपत्ती 'बिस्तुय' या शब्दाकडे बोट दाखवते. कॉफीत कडक मद्य मिसळून केलेल्या स्वस्त पेयाचे हे नाव आहे. दोहोंपैकी एकही निर्विवाद नाही. तरी दोन्ही उपपत्ती बिस्त्रोला गरीब वस्तीतील गुत्त्याशी जोडतात, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

== उगम ==

'रेस्तोराँ' हा शब्द बिस्त्रोपेक्षा जुना. अठराव्या शतकात तो अशक्त माणसाला ताकद देणाऱ्या मांसाच्या सुपासाठी वापरला जाई. पुढे असे सूप देणाऱ्या जागेला तेच नाव मिळाले. पॅरिसमध्ये १७६० च्या दशकात अशा जागा सुरू झाल्या. १७८० च्या दशकात आंत्वान बोव्हिलिए याने थाटामाटाचे, स्वतंत्र टेबलांचे आणि छापील दरपत्रकाचे उपाहारगृह चालवले. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर सरदार-दरबाऱ्यांचे अनेक स्वयंपाकी मोकळे झाले आणि त्यांच्यापैकी काहींनी शहरात आपापली उपाहारगृहे काढली. ही परंपरा श्रीमंतांची होती.

बिस्त्रोची कुळकथा वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या मध्यभागातील डोंगराळ, नापीक अशा ओव्हेर्न्य प्रांतातून हजारो माणसे पोटासाठी पॅरिसला आली. प्रथम ती घरोघरी पाणी वाहत. नळ आल्यावर पाण्याचा धंदा बसला, तेव्हा त्यांनी कोळसा विकायला घेतला. कोळशाच्या वखारीत एका बाजूला फळी टाकून ते वाइनचे पेलेही भरून देऊ लागले. 'वाइन आणि कोळसा' अशी पाटी असलेली ही दुकाने पॅरिसच्या गल्लोगल्ली होती. या दुकानदारांना शहरातील लोक 'बून्या' म्हणत. नवरा कोळसा पोचवी, बायको मागच्या खोलीत चुलीवर मोठ्या पातेल्यात काही तरी शिजवत ठेवी आणि गावाकडून आलेले एकटे मजूर तेच खाऊन कामावर जात. पुढे कोळसा गेला, जेवण उरले.

याच काळात स्वस्त जेवणाचे आणखी दोन प्रकार रूढ झाले. दुव्हाल नावाच्या खाटकाने १८५० च्या दशकात बाजारातील कामगारांसाठी मांसाचे सूप आणि एखादा पदार्थ एवढेच देणारी 'बुयाँ' ही उपाहारगृहे काढली. १८९६ साली सुरू झालेले 'बुयाँ शार्तिये' आजही पॅरिसमध्ये चालू आहे. 'ब्रासरी' म्हणजे मूळची बिअरची भट्टी. १८७०-७१ च्या युद्धात आल्सास प्रांत जर्मनीकडे गेल्यावर तेथून आलेल्या निर्वासितांनी पॅरिसमध्ये हा प्रकार वाढवला. ब्रासरी मोठी असते आणि दिवसभर उघडी राहते; बिस्त्रो लहान असतो आणि जेवणाच्या वेळा पाळतो. आज या सीमारेषा पुसट झाल्या आहेत.

== स्वरूप आणि रीतिरिवाज ==

जुन्या बिस्त्रोत शिरताच प्रथम दिसते ती धातूच्या पत्र्याने मढवलेली उभी फळी. पत्रा जस्ताचा किंवा कथलाचा असला तरी तिला सरसकट 'झँक' म्हणजे जस्त असेच म्हणतात. घाईचा माणूस तेथेच उभ्याने कॉफी किंवा वाइन घेतो. जेवणाऱ्यासाठी आत एकमेकांना खेटून मांडलेली लहान टेबले असतात. शेजारच्या टेबलावरचे बोलणे ऐकू येते आणि त्याचे कोणाला वावगे वाटत नाही.

पदार्थांची यादी छापलेली नसते. ती पाटीवर खडूने लिहितात. पाटी रोज पुसता येते, हे त्यातले मर्म. सकाळी बाजारात जे ताजे आणि स्वस्त मिळाले त्यावर त्या दिवसाचा मुख्य पदार्थ ठरतो. त्याला 'प्ला द्यु जूर' म्हणजे 'आजचा पदार्थ' म्हणतात. आरंभीचा पदार्थ, मुख्य पदार्थ आणि शेवटचा गोड पदार्थ मिळून एकच ठरावीक दर घेण्याची पद्धतही जुनी आहे. पाव आणि साधे पिण्याचे पाणी यांचे वेगळे पैसे आकारत नाहीत. वाढप्याच्या सेवेचे शुल्क दरातच धरलेले असते. १९८७ पासून फ्रान्समध्ये तसा नियमच आहे. त्यामुळे बक्षिसी देणे ऐच्छिक असते.

नेहमीच्या गिऱ्हाइकाला तेथे खास स्थान होते. पॅरिसमधील १८४५ सालचे 'पोलिदोर' आणि वर उल्लेखलेले 'शार्तिये' येथे भिंतीत लहान लहान कप्पे आहेत. रोज जेवायला येणारी माणसे आपापला कापडी हातरुमाल त्यात ठेवून जात, कारण तो रोज धुणे परवडत नसे. कप्पे आजही आहेत, रुमाल नाहीत. 'शार्तिये'मध्ये वाढपी टेबलावरच्या कागदी आच्छादनावर पेनने पदार्थ लिहून तिथल्या तिथे बेरीज करतो.

== पदार्थ ==

बिस्त्रोतील बहुतेक पदार्थ गरिबीतून जन्मले आहेत. बैलाचे चिवट मांस तांबड्या वाइनमध्ये तासन्‌तास मंद आचेवर शिजवले की ते मऊ होते, हा बर्गंडीकडील रश्श्याचा पाया. म्हातारा कोंबडा याच रीतीने शिजवला की 'कॉक ओ व्हँ' होते. कांद्याच्या सुपात शिळ्या पावाचा तुकडा आणि वर वितळलेले चीज असते. शिळ्या पावाचाच दुधा-अंड्यात भिजवून, लोण्यावर परतून गोड पदार्थ करतात. त्याचे फ्रेंच नाव 'पँ पेर्द्यु' म्हणजे 'वाया गेलेला पाव'. हॅम आणि चीज घातलेला, भाजलेला 'क्रोक मस्यू' विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या कॅफेंत आला. उकडलेल्या अंड्यावर मेयोनीज घालून दिला जाणारा पदार्थ इतका साधा, की त्याची कोणी दखल घेऊ नये. पण यादीतून तो नाहीसा होऊ लागला तेव्हा त्याच्या संरक्षणासाठी खाद्यसमीक्षकांनी चक्क एक संस्था स्थापन केली.

वायव्येकडील ब्रिटनी प्रांतातून आलेली 'गालेत' मराठी वाचकाला परिचयाची वाटेल. कुट्टूचे पीठ पाण्यात भिजवून, पातळ करून तव्यावर पसरतात. तंत्र आपल्या धिरड्याचेच आहे. गव्हाच्या पिठाची, अंडी-दुधाची गोड आवृत्ती म्हणजे 'क्रेप'. शाकाहारी माणसाला जुन्या बिस्त्रोत मात्र फारसा वाव नसे. कांद्याचे सूपही परंपरेने मांसाच्या अर्कात करतात, हे प्रवाशांनी ध्यानात ठेवावे.

== नवा बिस्त्रो ==

बिस्त्रोच्या समांतर फ्रान्समध्ये 'उच्च पाकशैली' विकसित होत होती. ओग्यूस्त एस्कोफिए (१८४६-१९३५) याने स्वयंपाकघराची सैन्यासारखी रचना बसवली आणि १९०३ साली प्रमाणभूत पाकग्रंथ प्रसिद्ध केला. टायर बनवणाऱ्या मिशेलिन कंपनीने १९०० साली मोटारचालकांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. १९२६ पासून तिच्यात उत्तम उपाहारगृहांना तारे मिळू लागले. तारा टिकवण्यासाठी उंची काचसामान, चांदीचे काटे-चमचे, प्रत्येक टेबलामागे अनेक वाढपी असा खर्च वाढत गेला आणि जेवण सामान्य फ्रेंच माणसाच्या आवाक्याबाहेर गेले.

१९९० च्या दशकाच्या आरंभी आखाती युद्धानंतरच्या मंदीत ही महागडी उपाहारगृहे ओस पडू लागली. पॅरिसमधील 'ओतेल द क्रियाँ' या पंचतारांकित हॉटेलात क्रिस्तियाँ कोंस्ताँ याच्या हाताखाली काम केलेल्या इव्ह कांदबोर्द या तरुणाने १९९२ साली शहराच्या कडेला, चौदाव्या विभागात 'ला रेगालाद' हा लहानसा बिस्त्रो घेतला. जागेचे भाडे कमी, टेबलांवर भपका नाही, वाढपी मोजके. महागड्या मासळीऐवजी स्वस्त मासे आणि मांसाचे दुर्लक्षित भाग वापरायचे, पण शिजवायचे ते क्रियाँमधल्या कसबाने, आणि तीन पदार्थांना एकच माफक दर घ्यायचा, असे त्याचे गणित होते. गिऱ्हाईक बसताच मांसाच्या वडीचे अख्खे भांडे, सुरी आणि पाव समोर येई. हवे तितके कापून घ्यावे आणि भांडे पुढच्या टेबलाकडे सरकवावे. काही महिन्यांतच तेथे जागा मिळणे कठीण झाले. कोंस्ताँच्या इतर शिष्यांनीही तोच मार्ग धरला.

या चळवळीला 'बिस्त्रोनोमी' हे नाव २००४ मध्ये सेबास्तियाँ दमोराँ या समीक्षकाने दिले. 'बिस्त्रो' आणि 'गास्त्रोनोमी' यांचा तो संधी आहे. पुढच्या पिढीत इनाकी आयझ्पितार्ते याचे 'ल शातोब्रियाँ' आणि बेर्त्राँ ग्रेबो याचे २०११ मध्ये उघडलेले 'सेप्तीम' ही नावे जगभर गेली. उघडे स्वयंपाकघर, आच्छादनाविना लाकडी टेबले, भाज्यांना मुख्य स्थान, जपान किंवा उत्तर आफ्रिकेतील मसाल्यांचा मोकळा वापर हे या पिढीचे विशेष. या प्रसिद्धीबरोबर दरही वाढले, आणि ज्या कारणासाठी नवा बिस्त्रो जन्मला तेच काही ठिकाणी मागे पडले, अशी टीका फ्रान्समध्येच होते.

दुसरीकडे जुने, नाव नसलेले बिस्त्रो झपाट्याने बंद होत आहेत. १९६० च्या सुमारास फ्रान्समध्ये कॅफे-बिस्त्रोंची संख्या दोन लाखांच्या घरात होती. एकविसाव्या शतकात ती ४० हजारांच्या आसपास आली, असे सामान्यतः सांगितले जाते. खेड्यांतील ओसरती वस्ती, पॅरिसमधील जागांचे वाढते भाडे, झटपट खाद्यपदार्थांची साखळी दुकाने आणि दुपारच्या जेवणाची आखडलेली सुट्टी ही त्याची कारणे. खेड्यातला शेवटचा बिस्त्रो बंद झाला की वर्तमानपत्र वाचण्याची आणि चार माणसांनी भेटण्याची जागाही जाते. 'फ्रेंच लोकांचे समारंभी भोजन' २०१० मध्ये आणि फ्रेंच लांब पाव २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. बिस्त्रोचाही तसाच समावेश व्हावा म्हणून २०१८ पासून पॅरिसमध्ये प्रयत्न चालू झाले.

== महाराष्ट्रात ==

=== खाणावळ ===

पॅरिसच्या बून्यांचा इतिहास वाचताना गिरणगावाची आठवण होणे अपरिहार्य आहे. कोकणातून आणि घाटावरून मुंबईत आलेले, बायकामुले गावी ठेवलेले गिरणीकामगार महिनेवारीवर खाणावळीत जेवत. या खाणावळी बहुधा बायका आपल्या राहत्या खोलीत चालवीत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना संघटित केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. बिस्त्रोप्रमाणेच येथेही आज काय शिजले आहे हे गिऱ्हाईक ठरवत नसे, आणि मालकीणबाईला प्रत्येकाची आवडनिवड व उधारी तोंडपाठ असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने कामगारांबरोबर या खाणावळींचाही आधार तोडला. त्या खाणावळींना तेव्हा कोणी वारसा म्हटले नाही.

=== मुंबई आणि पुणे ===

फ्रेंच जेवण मुंबईत आले ते वरच्या मजल्यावरून. ताजमहाल हॉटेलातील 'राँदेव्हू' आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले 'झोडियाक ग्रिल' ही त्याची ठळक उदाहरणे. कॅमाम्बेर चीजचा फुगवलेला एक पदार्थ ही 'झोडियाक ग्रिल'ची ओळख होती. साध्या, अनौपचारिक फ्रेंच उपाहारगृहांचा काळ त्यानंतर वीस वर्षांनी आला. २०११ साली नरिमन पॉइंट येथे काही फ्रेंच तरुणांनी 'सुझेत' हे लहानसे क्रेपचे दुकान काढले. कुट्टूच्या गालेत तेथे मिळू लागल्या आणि पुढे वांद्र्यातही त्याची शाखा झाली. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 'कॅफे झोई' हे युरोपीय धर्तीचे उपाहारगृह उघडले. त्याच्या उघड्या विटांच्या भिंती आणि उंच छत गिरणीचे आहे. पुण्यात डेक्कन जिमखाना परिसरातील 'ल प्लेझीर' हे दाटीवाटीचे बिस्त्रो आणि पेस्ट्रीगृह महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत लोकप्रिय झाले. नावाचा अर्थ 'आनंद'. गोव्यात आश्वे येथील किनाऱ्यावरचे 'ला प्लाज' फ्रेंच मंडळींनीच चालवलेले आहे.

या जागांत शाकाहारी पदार्थांना मोठे स्थान मिळाले, हा बिस्त्रोतला भारतीय बदल. दुसरा बदल आर्थिक आहे. पॅरिसमध्ये जे कारकुनाचे आणि मजुराचे जेवण होते, ते येथे खाणावळीच्या थाळीच्या अनेक पट दराने मिळते. याचे सगळे खापर मालकांवर फोडता येणार नाही. लोणी, चीज, वाइन यांच्या किमती आणि मुंबईचे जागाभाडे यांतून हा दर बनतो.

=== बारामती-इंदापूर परिसर ===

बिस्त्रोला लागणाऱ्या जिनसांपैकी दोन, चीज आणि वाइन, पुणे जिल्ह्यातच मोठ्या प्रमाणावर तयार होतात. बारामती औद्योगिक वसाहतीत १९९० च्या दशकात 'डायनामिक्स डेअरी' हा कारखाना उभा राहिला. पुढे अमेरिकेतील श्रायबर फूड्स ही कंपनी त्यात सहभागी झाली आणि तो 'श्रायबर डायनामिक्स' या नावाने ओळखला जाऊ लागला. बारामती, इंदापूर, फलटण या भागांतील संकरित गाईंच्या दुधावर तो चालतो. मॅकडोनाल्ड्स १९९६ साली भारतात आली, तेव्हापासून तिच्या बर्गरमधील चीजच्या चकत्या बारामतीहून जातात. याच वसाहतीत फेरेरो या इटालियन कंपनीचा चॉकलेटचा कारखाना आहे.

मात्र बारामतीचे चीज बिस्त्रोच्या ताटात क्वचितच दिसते, आणि याचे कारण चीजच्या प्रकारात आहे. एक किलो चीजला साधारण दहा लिटर दूध लागते. चेडरसारखे तयार चीज किसून, त्यात विशिष्ट क्षार घालून ते पुन्हा वितळवले की प्रक्रिया केलेले चीज होते; १९११ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये ही पद्धत निघाली. असे चीज महिनोन्‌महिने टिकते आणि सर्वत्र एकसारखे लागते. कारखान्याला, बर्गरवाल्याला आणि दुधाच्या गाड्या रोज भरणाऱ्या शेतकऱ्यालाही ते सोयीचे आहे. बिस्त्रोतील कॅमाम्बेर किंवा ब्री यांवर पांढरी बुरशी जाणूनबुजून वाढवलेली असते. ते काही आठवड्यांत पिकते आणि लवकर उतरते, म्हणून त्याला लहान कारागीर आणि जवळचा बाजार लागतो. भारतात तसे चीज करणारे आरंभीचे एक नाव पुण्याच्या 'एबीसी फार्म्स'चे आहे. परदेशातून ते आणण्यातही अडचण असते, कारण वासराच्या जठरातील विकराने दूध साकळवून केलेल्या चीजच्या आयातीला भारतात परवानगी नाही आणि अनेक जुनी फ्रेंच चीज त्याच रीतीने होतात.

वाइनची गोष्ट थोडी निराळी आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळ वाइनचा कारखाना काढला आणि ती वाइन युरोपात निर्यातही झाली. राज्य शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यावर असे कारखाने वाढले. पाटसहून बारामतीकडे येताना लागणाऱ्या रोटी घाटाजवळ, दौंड तालुक्यातील रोटी गावी 'फोर सीझन्स' हा द्राक्षमळा आणि वाइनचा कारखाना आहे. त्याची इमारत फ्रेंच गढीच्या धर्तीवर बांधलेली आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढी वारीत याच घाटातून जाते.

खुद्द बारामती-इंदापूर भागात बिस्त्रोच्या मूळ रीतीला सर्वांत जवळ जाणारी जागा शोधायची, तर ती पुणे-सोलापूर रस्त्यावरील भिगवण येथे सापडते. १९८० च्या सुमारास उजनी धरण पूर्ण झाले, भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली आणि फुगवट्यात मासेमारी सुरू झाली. भिगवणच्या मासळी बाजाराच्या आधाराने इंदापूर तालुक्यात मासळीच्या खाणावळी निघाल्या. त्या दिवशी जाळ्यात रोहू, कटला, मरळ, चिलापी यांपैकी जे आले असेल तेच तेथे तव्यावर पडते आणि रश्श्यात शिजते. सोबत बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी असते. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यासाठी पुण्याहून येणाऱ्यांची तेथे गर्दी होते. एरवी ट्रकचालक आणि आसपासचे शेतकरी हेच तेथले नेहमीचे गिऱ्हाईक.